आंधळं आतडं

बंद टोक... आतड्याचं ते बंद टोक सासूबाईंच्या बोटांत होतं, फुगीर, पांढरट, आणि त्यांनी ते मोजा उलटा करावा तसं सहज उलटं केलं. मेलिस वरून कोमट पाणी ओतत होता. मेंढी सकाळीच कापली होती; त्याच्या बायकोला, बुरुलला, जाऊन आज वर्ष झालं.

"धार बारीक सोड रे," सासूबाई म्हणाल्या. "घोडा धुतोयस का?"

त्याला बरं वाटलं. असं खेकसतात ते घरच्या माणसावर.

मेंढीतलं काही टाकत नाहीत. या आंधळ्या आतड्यातसुद्धा चरबी आणि काळीज भरून शिजवतात... मग माणसातल्याच त्या बोटभर शेपटाला, अपेंडिक्सला, काही काम नसावं? "असून नसून सारखंच असतं ते," शहरातला डॉक्टर म्हणाला होता, हात पुसत, खाली बघत – आणि पलीकडच्या खोलीत बुरुल चादरीखाली. खिंडीत बर्फ कोसळलं होतं, गाडी दुपारभर अडकून पडली, ती गुडघे पोटाशी घेऊन मागच्या सीटवर, आणि तशातही म्हणत होती, "तुझ्या हातचा रस्सा बाधला बघ मला, मेल्या." चूक कुणाचीच नव्हती. बोटं मोडायची तरी कुणाच्या नावानं?

पुढे रेडिओवर दुसराच कुणी डॉक्टर बोलला. म्हणे, ते निकामी नसावं. पोट बिघडून सगळं वाहून गेलं की चांगले जंतू तिथे दडून राहतात आणि पुन्हा पसरतात. मेलिसनं हे सकाळी सासऱ्यांना सांगितलं. असनकुल सुरी पुसता पुसता थांबले.

"म्हणजे आपल्या वरच्या घळीसारखं," ते म्हणाले. "त्या हिवाळ्यात सगळे कळप गारठून मेले, अन् त्या बंद घळीत चारदोन मेंढ्या तग धरून राहिल्या. आजचा कळप त्यांचाच." सुरी पुन्हा पुसायला घेतली. मग – "इतकं कामाचं होतं, तर त्यानंच का खाल्ली रे माझी पोर?"

मेलिस दिवसभर तेच घोळवत होता. निकामी गोष्टीनं माणूस नेला हे वाईट, की कामाच्या?

संध्याकाळी दस्तरखान, जेवणाचं कापड, पसरलं. प्रार्थना झाली, तळहात चेहऱ्यांवरून फिरले, आणि मांसाचं ताट आलं. इथे प्रत्येक हाडाला धनी ठरलेला – डोकं वडीलधाऱ्याला, कमरेचं हाड मानाच्या पाहुण्याला, छातीचं जावयाला. दर वेळी ते त्याच्यापुढे आलं की बुरुल ओरडायची, "जावई म्हणजे छातीचं हाड! चघळा किती, पोट काही भरत नाही!" आणि वरची चरबी स्वतःच पळवायची. सकाळपासून त्याचं चित्त त्या एका हाडात अडकलं होतं. आलं तर अजून आपण यांचे. नाही आलं तर...

असनकुलांनी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे हाड ठेवलं. कमरेचं. मोठं, मांसल, ताटातलं सगळ्यात मानाचं.

शेजारी वाहवा करू लागले. धाकट्या जावयानं, एर्किननं, छातीचं हाड ओशाळून स्वतःकडे ओढलं.

"मेलिस," असनकुल हळू म्हणाले, "वर्ष सरलं, बाळा. माणसानं एकटं राहू नये. कुठे जुळलं तर आम्ही वाईट मानणार नाही. हे दार तुला कायम उघडं."

सासूबाईंनी पदरासारखं डोक्याचं फडकं तोंडावर ओढलं.

दार उघडं! दार पाहुण्याला उघडतात. घरच्याला कोण सांगतं दार उघडं आहे म्हणून? किती प्रेमानं, किती हलक्या हातानं सोडवताहेत मला... त्यानं घास तोंडात घातला. तोच घास कितीतरी वेळ चावत राहिला.

"शिजलंय ना नीट?" सासूबाईंनी विचारलं.

"छान शिजलंय, आई."

त्याचा डावा हात कधी पोटाच्या उजव्या कुशीवर गेला त्याला कळलं नाही. त्याचं ते बोटभर शेपूट अजून होतं तिथे, कुठेतरी, गप्प. बुरुल गेली, आता मी यांच्यात कशासाठी? काही कामाचा नाही, कबूल. असून नसून सारखा. पण मी दुखत नाही ना कुणाला... पडून राहीन कोपऱ्यात, पाणी ओतीन, बारीक धारेनं ओतीन. कापू नका मला. राहू द्या.