खिडकीवाला

यंत्राचं झाकण उघडून तिने भाजलेल्या बिया खालच्या थाळ्यात सोडल्या आणि मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावरचा माणूस मनगटावरचं घड्याळ बघत होता. मग त्याने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. फार नाही, एखादा आकडा असेल तेवढंच. आणि कप उचलला.

थाळ्यातला दांडा गरगर फिरून बिया गार करत होता. तिने फडक्याला हात पुसले. हे तिसऱ्यांदा होत होतं. बिया तडतडायला लागल्या की त्याची बोटं थांबायची, आणि तिने घाणा काढला की तो घड्याळ बघायचा.

दुकान लहान होतं. सहा टेबलं, एक काउंटर आणि मागच्या भिंतीला टेकलेलं भाजायचं यंत्र. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच ते चालवत. भावाला गिऱ्हाइकंसुद्धा धाकटाच म्हणत, तो चौतिशीला आला तरी. खिडकीवाला तीन आठवड्यांपूर्वी उगवला होता. सकाळी दहाला यायचा आणि पाचपर्यंत बसायचा. तीन कॉफ्या घ्यायचा, सगळ्या हाताने गाळलेल्या, बिनसाखरेच्या. टेबल फुकट अडवत नव्हता, आवाज करत नव्हता, फोन आला तर बाहेर जाऊन बोलायचा. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तिला तेच खटकत होतं.

"काम काय करता?" पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं.

"लिफ्टच्या माहितीपुस्तिका लिहितो. कंपनी लांबची आहे, मी इथूनच करतो."

"घरी नाही जमत?"

"घरी आई आहे. दर दहा मिनिटांनी विचारते, काम करतोयस की नुसता बसलायस?"

ती तेव्हा हसली होती. नंतर विचार करताना तिला वाटलं, लिफ्टची माहितीपुस्तिका कधी कुणी वाचली आहे का? माणसं बटण दाबतात आणि वर जातात.

मागच्या गल्लीत एका बंद गाळ्याच्या काचांना महिनाभर कागद चिकटवलेले होते. कॉफीचंच दुकान येतंय, असं शेजारचा न्हावी म्हणाला होता. दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून पिण्यात काय चूक? दुकान काढलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, कामाला ठेवलेली एक बाई सहा महिने गोड बोलून राहिली आणि मग थोड्या अंतरावर तिने स्वतःचं दुकान थाटलं. बिया पुरवणारा तोच, पिशवीचा रंगही जवळपास तोच. तेव्हापासून भाजणीची वही कुलपात होती. कुठल्या बिया किती तापमानाला टाकायच्या, तडतड कितव्या मिनिटाला, त्यानंतर किती सेकंद थांबायचं, हे सगळं त्या वहीत होतं. किल्ली तिच्या कमरेला असे.

"तो वेळ मोजतोय," ती धाकट्याला म्हणाली.

धाकटा कप विसळत होता. "कोण?"

"खिडकीवाला. त्या मागच्या गल्लीतल्यांचा माणूस असणार."

"ताई, तुला तर भिंतीवरची पालसुद्धा हेरगिरी करतेय असं वाटतं."

एरवी असं बोलताना तो तिच्याकडे बघून डोळे मिचकावायचा. आज त्याने नळाची धार मोठी केली.

तिने परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी घाणा लावताना ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "ही भाजणी आजपासून नऊ मिनिटांत काढायची. कळलं का रे?"

ते खोटं होतं. नऊ मिनिटांत त्या बिया कच्च्या राहतात, गवतासारखा वास येतो. खिडकीवाल्याने मान वर केली. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, धाकट्याकडे पाहिलं. समोर बरण्यांच्या काचेत तिला दोघंही दिसत होते. धाकट्याने मान हलवली, अगदी जरा. नाही.

परका चोर एक वेळ परवडतो. त्याच्यासाठी कुलूप असतं.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. धाकटा कॉफीच्या पिशव्या पोचवायला निघाला की खिडकीवाल्याला बरोबर त्याच वेळी फोन यायचा. दोघं फुटपाथवर बोलत उभे राहायचे आणि ती दारात आली की एकजण हेल्मेटचा पट्टा लावायचा, दुसरा आकाशाकडे बघायचा. धाकट्याचा मोबाइल काउंटरवर हल्ली पालथा असायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते तिच्याच घरात. तिने त्याला काही विचारलं नाही. रात्री जेवताना तो नेहमीसारखा वाढून घेत होता, आणि ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

गुरुवारी दुपारी दुकान रिकामं होतं. धाकटा पिशव्या घेऊन गेला होता. खिडकीवाल्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला, दार आपोआप मिटलं. ती फडकं घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागली.

लॅपटॉपचा पडदा चालू होता. तिला तिचंच यंत्र दिसलं. चित्र नव्हतं, शब्द होते: एका घाण्याला किती किलो, आठवड्याला किती घाणे. खाली तिच्या तीन मुख्य भाजण्या. प्रत्येकीपुढे तडतडीची वेळ आणि नंतर थांबायचे सेकंद. शेवटच्या ओळीतला आकडा काल तिने वहीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा फक्त दोन सेकंदांनी वेगळा होता.

दार उघडलं. तो आत आला आणि तिला तिथे बघून जागीच थांबला.

"कुणासाठी लिहिताय हे?" तिने विचारलं. आवाज चढला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"बसता का जरा?"

"माझ्याच दुकानात मला बसायला सांगू नका."

मग त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि मजकूर वर सरकवला. "वरून वाचा."

अगदी वर धाकट्याचं पूर्ण नाव होतं, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, वडिलांच्या नावासकट. त्याखाली दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या भाजणी कारखान्याचा पत्ता. मुख्य भाजणीकाराच्या जागेसाठी अर्ज होता तो.

ती बसली.

"कामाचं वर्णन करून मागितलंय त्यांनी," तो म्हणाला. "त्याला लिहायला जमेना. मी काय लिहितो ते त्याला माहीत होतं, म्हणून म्हणाला, लिहून द्याल का? मी न बघितलेला आकडा लिहीत नाही, सवय आहे. म्हणून घड्याळ. त्याच दिवशी त्याला म्हटलं, ताईंना सांगा. सांगतो म्हणाला. दोन आठवडे झाले, सांगतोच आहे."

ती वाचत होती. मध्येच एका वाक्यापाशी तिचं बोट थांबलं. *भाजणीची लेखी नोंद मला उपलब्ध नसल्यामुळे सर्व वेळा मी ऐकून आणि वासावरून शिकलो आहे.* त्यात तक्रार नव्हती. लिफ्टमध्ये एका वेळी किती माणसं मावतात ते लिहावं, तसं ते लिहिलेलं होतं. तिने ते पुन्हा वाचलं. त्याने वही कधी मागितली होती का, हे तिने आठवून पाहिलं. नव्हती मागितली. तिनेही कधी पुढे केली नव्हती.

दाराबाहेर स्कूटर थांबली. धाकटा रिकामी पिशवी खांद्यावर टाकून आत आला. ताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, समोर लॅपटॉप. त्याने पिशवी काढली नाही, तसाच उभा राहिला.

"शेवटची तारीख कधी आहे?" तिने विचारलं.

"उद्या." मग, "सांगणार होतो, ताई."

"अनुभव सात वर्षं लिहिलायस."

"हो."

"दुकान काढलं तेव्हापासून आहेस. नऊ होतात."

धाकट्याने खिडकीवाल्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसायला लागला होता.

"आईच्या आजारपणाची दोन वर्षं धरली नाहीत," धाकटा म्हणाला. "तेव्हा तू गावी तिच्यापाशी होतीस."

"मी नव्हते म्हणून काय झालं? भाजत तर तूच होतास. मी रोज सकाळी फोनवर आकडे सांगत होते."

"सांगायचीस."

"मग?"

त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली, तिची घडी घातली, ती घडी पुन्हा मोडली.

"ते आकडे इथे लागू पडत नव्हते, ताई. पहिल्या आठवड्यात दोन घाणे करपले. पुढे पावसाळा लागला, माल नवीन आला. तू आईपाशी जागायचीस, सकाळी तुझा आवाज बसलेला असायचा. तुला काय सांगणार? मी हो म्हणायचो, आणि कानाने काढायचो."

"दोन्ही वर्षं?"

"म्हणून नाही धरली. तुला न विचारता केलेलं काम तुझ्या दुकानाच्या नावावर कसं लिहू?"

त्या दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. परत आल्यावर न्हावी तिला म्हणाला होता, कॉफी हल्ली फार छान लागते. ते तिने स्वतःच्या आकड्यांच्या खात्यावर जमा केलं होतं, आणि मनात सुखावलीही होती.

दार उघडून दोन बायका आत आल्या, काउंटरपाशी उभ्या राहून फळ्यावरची यादी वाचू लागल्या. धाकटा सवयीने तिकडे वळला.

"तू बस," ती म्हणाली. "मी बघते त्यांचं."

उठताना तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. दोन पावलं जाऊन ती थांबली आणि खिडकीवाल्याला म्हणाली,

"ती दोन वर्षं सगळ्यात वर घ्या."