तिसऱ्या प्रश्नाचे चार गुण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिने सदतिसावी उत्तरपत्रिका उघडली आणि लाल पेनाला टोपण लावलं. तिसऱ्या प्रश्नात यानेही समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वायने बिनधास्त भागलं होतं. वाय शून्य असू शकतो, ही शंकाच नाही. शून्य हे उत्तर गायब. आधीच्या छत्तीस जणांचंही तेच.

व्याख्यानं सर देत, उदाहरणांचे तास तिच्यासारखे संशोधक विद्यार्थी घेत. इतरांच्या वर्गांत ही चूक नव्हती.

सर दारातून डोकावले. "काय गं, अजून निम्मेच? कासवाशी पैज लावलीस का?"

"सर, तिसऱ्या प्रश्नात..."

"शून्य नाही, तर चार गुण नाहीत. विषय संपला. आणि हे यांना कुणी शिकवलं ते शोध. त्याला पुढच्या सत्रात फळ्यापाशी उभं करणार नाही मी."

ती हसली. हसावंच लागलं. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पाच महिने सरांच्या टेबलावर पडून होतं. शिकवण्याची नेमणूक दर सत्राला त्यांच्याच सहीने वाढे. नेमणूक गेली की नोंदणी गेली, म्हणजे सहा वर्षं पाण्यात.

खोलीला खिडकी नव्हती. तिने दार लावून घेतलं, तर गुदमरल्यासारखं झालं. पुन्हा उघडलं, तर पहिल्या बाकावरची चष्मेवाली समोर उभी.

"मॅडम, दुसऱ्या वर्गातली मुलं म्हणतात, शून्यही लिहायचं होतं. पण तुम्ही तर असं दिलं होतंत." मुलीने वही पुढे केली. वर तारीख, खाली ओळ न् ओळ तिने स्वतः फळ्यावर लिहिलेली, अगदी घाईत मारलेल्या बाणासकट. "मी सगळ्यांना सांगितलं, मॅडमनी केलंय म्हणजे बरोबरच असणार."

आपलेच दात, आपलेच ओठ.

"चार गुण गेले तर किती जण नापास होतील, मॅडम?"

तिने ते केव्हाच मोजलं होतं. तपासलेल्यांतच अकरा. त्यात समोरचीही होती.

"वही ठेवून जा," ती म्हणाली.

"सरांना दाखवणार?"

"ठेवून जा म्हटलं ना."

गुण चार वाजेपर्यंत द्यायचे होते. सव्वाचारला ती सरांच्या दाराबाहेर उभी होती. काखेत गठ्ठा, गठ्ठ्याच्या मधोमध वही. आत सर फोनवर बोलत होते. गुणतक्त्यातला तिसऱ्या प्रश्नाचा रकाना अजून कोरा होता.