अकरा सत्तावीस

वाल्मीकने पिशवीतून कागद काढला, डॉक्टर बोरस्तेंना वाचता येईल असा फिरवून टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

“ही वाचा.”

डॉक्टरांच्या आधी मॅनेजर संतोष वाकले. नाशिकरोडच्या या हॉस्पिटलात वाल्मीकची बायको मंगला गेली, त्याला सात महिने झाले होते. गेली दुपारी चार चाळीसला. रेकॉर्डमध्ये होतं की डॉक्टरांनी तिला तीन दहाला तपासलं. साडेचारपर्यंत डॉक्टर आलेच नाहीत, असं वाल्मीक पहिल्या दिवसापासून सांगत होता. प्रत्येक वेळी त्याला रेकॉर्ड दाखवलं जाई.

“काका, तीन दहाच आहे की. आणि शेवटी हे काय, अकरा सत्तावीस?” संतोष हसले. “तेव्हा मावशी ॲडमिटसुद्धा नव्हत्या. मशीनचं घड्याळ बिघडलं असेल.”

वाल्मीक याच हसण्याची वाट बघत होता.

“घड्याळ बरोबर हाय. फक्त इथलं नाय.”

वकिलांनी रेकॉर्ड मागितलं, तेव्हा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याने न बघता सगळी फाइल पाठवून दिली होती. भाची निकिताने ती दोन रविवार बसून त्याला समजावली होती.

“तीन दहा ही हातानं टाइप केलेली वेळ. तिथं माणूस काहीबी लिहू शकतो. पण लिहिलं कधी, ते कॉम्प्युटर आपलं आपण टिपून ठेवतो. कोणाला विचारत नाय. आणि टिपतो विलायतेच्या वेळेनं. आपण साडेपाच तास पुढं. मिळवा.”

संतोषनी मिळवलं नाही. डॉक्टरांचे ओठ हलले.

“चार सत्तावन्न,” ते म्हणाले.

“ती गेल्यावर सतरा मिनिटांनी तुम्ही तिला तपासलं. तीन दहाला.”

संतोषनी कागद पुन्हा जवळ ओढला.

“पण लॉगिन वेदिका सिस्टरचं आहे. सरांचा संबंधच नाही. आजच काढून टाकतो तिला.” त्यांनी दाराकडे बघून हाक मारली.

वेदिका आत येऊन भिंतीशी उभी राहिली. त्या दुपारी मंगलाच्या तोंडावर मास्क धरून तीच बसली होती. वाल्मीकने मान वळवली नाही.

“तिला काढून माझं काय होणार? मी डॉक्टरांकडं आलोय.” त्याने खिशातलं पेन काढलं. “एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होतो. दर तासाला रीडिंग लिहायचं. आकडा चुकला तर खोडायचा नाय. एक रेघ मारायची, बाजूला खरा लिहायचा, सही करायची. युनिट बंद पडलं तरी मागचा आकडा बदलायची कोणाची हिंमत नव्हती. मारा रेघ.”

“सर, सही करू नका. आधी वकिलांशी बोलू.”

“याची नक्कल मेडिकल कौन्सिलला कालच गेली,” वाल्मीक म्हणाला. “मला यांच्या हातचं पाहिजे.”

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. डॉक्टरांनी पेन उचललं.

“मशीनमध्ये आहेच ते,” ते संतोषना म्हणाले. तीन दहावर त्यांनी रेघ मारली. बाजूला लिहिलं, चार पस्तीस. मग थांबले.

“तारीख कोणती घालू? तेव्हाची?”

“आजची. तेव्हाची एकदा घातलीत.”

सही झाली. वेदिकाने भिंतीशी उभं राहूनच विचारलं.

“काका, पाणी देऊ का?”

वाल्मीकने सही नीट वाचली. मग कागद तिच्या बाजूला फिरवला.

“आता तू. टाइप तू केलंस.”

“काका... मी सरांना तीनदा फोन केला होता. तुमच्यासमोर.”

“तेही लिही. वेळ घालून.”

पेन डॉक्टरांनी टेबलावर ठेवलं होतं. ते तिच्याकडे कोणी सरकवलं नाही. शेवटी तीच पुढे आली.