मोहोरबंद झाकण

मदुरैचे वॉरंटी अभियंते ज्ञानसंबंदम यांनी वडिवेलच्या व्हॅनचे ऑइल भरायचे झाकण आणि ते सोडायचा तळाचा बोल्ट स्वतःच्या हातांनी मोहोरबंद केले होते. तरीही आठवड्याभरात ऑइल मोजपट्टीच्या खालच्या खुणेवर आले. गळती नव्हती, धूरही नव्हता. कारण सापडले नाही, तर दावा फेटाळला जाणार आणि वडिवेलची व्हॅन दारात उभी राहणार. म्हणून ते त्याच्यासोबत फेरीला निघाले.

"सांगा ना अय्या, मग काय ऑइल मी पितो?" वडिवेल कुरकुरला.

"तुझं पोट बघता शंका येते, तंबी."

घाटाच्या तोंडाशी मुनियप्पन या वाटेच्या राखणदार देवाचे ठाणे आले. तिथे भर दुपारी दगडी दिवा जळत होता, आणि वास इंजिन ऑइलचा येत होता. ज्ञानसंबंदमनी गाडी थांबवायला लावली.

"इथं तेल कोण घालतं?"

"माझे अप्पा घालायचे, दर फेरीला. मी बंद केलं. म्हटलं, नव्या गाडीला कंपनीची हमी आहे, आता मुनियप्पनची कशाला..."

वाक्य अर्धवट सोडून तो व्हॅनकडे धावला. झाकण मोहोरबंद असल्याने पडून राहिलेला ऑइलचा डबा त्याने आणला आणि दिव्यात ओतू लागला. डबा रिकामा झाला. ओंजळीएवढा दिवा काही भरला नाही.

ज्ञानसंबंदमनी बॉनेट उघडून पट्टी पुसली, बुडवली, पुन्हा पाहिली. ऑइल वरच्या खुणेला टेकले होते. दोन्ही मोहोरा शाबूत होत्या.

"अय्या, माझ्या दाव्याचं काय?"

"तो मंजूर झाला, तंबी," असे म्हणत ठाण्याकडे वळून त्यांनी पायातले बूट काढले.