वसंताचा दोस्त

सौंसरच्या मालतीनं एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय सांगितला आणि तिच्या आईची, जयवंताबाईंची, भाकर तव्यावरच करपली. कॉलेजातल्या पोरांचं दारू पिणं अन् सट्टा खेळणं!

"लग्नाले आलेल्या पोरीनं हे इचारत हिंडावं? लोक का म्हनतीन?"

"लोक का म्हणतात तेच तर विचाराले चालली ना, आई," असं म्हणून मालतीनं पांढुर्ण्याची बस धरली.

कॉलेजच्या होस्टेलात तिनं पोरांना एकेक करून बसवलं. काय ती गुणी पोरं! दारूच्या वासानंच म्हणे त्यांना मळमळायचं. सट्ट्याचा आकडा म्हणजे काय, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीखाली रिकाम्या बाटल्यांचा ढीग दिसला, तर प्रभाकर नावाचा पोरगा डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "रॉकेलच्या हायेत, ताई."

मालती रडकुंडीला आली. परतीच्या बसमध्ये मात्र शेजारच्या दोन बाया गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या, त्या ऐकता ऐकता तिची ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी तिनं प्रश्नच फिरवला. "तुमचा एखादा दोस्त पितो का?"

मग काय! प्रभाकरनं अरविंदचं पितळ उघडं पाडलं, अरविंदनं प्रभाकरचं. मालतीचा हात लिहून लिहून दुखला.

शेवटी आला लोधीखेड्याचा वसंत. संत्र्याच्या बागायतदाराचा लेक, खाली मान घालून बसलेला.

"माहा एक दोस्त हाय, ताई. रोज मोहाची दारू घेते. आकडा लावाच्या नादात त्यानं मायच्या गळ्यातली पोत इकली. आता सोडतो म्हणून राहिला, पण नाही घेतली का हात कापतेत."

त्याच्या हातातल्या बशीत चहाचा कप खडखडत होता. मालतीनं पेनाला टोपण लावलं.

"दोस्ताले सांगा, एकट्यानं एकदम सोडू नको. झटके येतेत. सौंसरले आमच्या वळखीचे डाक्टर हायेत. रविवारी घेऊन या त्याले."

"त्याले लाज वाटते."

"मंग तुम्ही या संगं. धीर होईन त्याले."

रविवारी सौंसरच्या स्टँडवर वसंत एकटाच उतरला.

"दोस्त कुठं हाय?" मालतीनं विचारलं.

"आला ना," वसंत चपलेकडे बघत म्हणाला.

मालतीला हसू आलं, पण तिनं ते पदराआड दाबलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. घरी निरोप धाडण्याआधी वसंतानं मालतीचा हात धरून विचारलं, "पोतीचं मायले मीच सांगू ना?" तिनं मान डोलावली. माय आली, पोत ऐकून आधी रडली, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि खाटेशी बसून राहिली.

पुढं मोह फुलायच्या दिवसांत त्याचा पाय एकदा घसरला खरा. पण दुसऱ्याच सकाळी तो आपणहून दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला.

"कोनाले दाखवाचं हाय?" कंपाउंडरनं विचारलं.

"मले," वसंत म्हणाला.