निळ्या ठिपक्याचा भुंगेरा

मी बटाट्याच्या पानांवरचा पट्टेरी भुंगेरा बोलतोय. माणसं मला दिसेल तिथे चिरडतात, म्हणून मला माणसांचं भारी कुतूहल!

माझा जन्म मात्र थाटात झाला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. जर्मनीत माणसांना लोणी मिळेना, आणि मला काचेच्या खोलीत रोज कोवळी पानं! किडे पाळून त्यांचा अभ्यास करणारे डॉक्टर हाल्बाख स्वतः भरवायचे. "खा रे राजा, खा!" शत्रूची बटाट्याची शेतं फस्त करायला आम्हांला विमानातून सोडायचं, असा त्यांचा बेत. पण एवढ्या उंचावरून पडून आम्ही जगतो का, हे आधी बघायचं होतं. ओळख पटावी म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर निळा ठिपका दिला आणि चाचणी घेतली. कुठे, तर आपल्याच देशात, ऱ्हाइन नदीकाठी! म्हणे, शोधायला सोपं.

मी पडलो तो ओटिलीच्या वावरात. नवरा आघाडीवर, घरात सासू आणि लेकरं, हिवाळ्याला आधार या बटाट्यांचाच. भुंगेरे शत्रूच टाकतो असं सरकार सांगे, म्हणून ठरल्या दिवशी सरकारी हुकमाने गावात घरटी एक माणूस बाटली घेऊन भुंगेरे शोधायला निघे. मी नेमका ओटिलीच्याच हाती लागलो.

शेजारचे अलोयसकाका कुजबुजले, "चिरडून टाक पोरी! वर्दी दिलीस तर तुझं अख्खं पीक जाळतील."

"आणि याची पिल्लावळ तुमच्या वावरात शिरली तर?"

ओटिलीने वर्दी दिली. नियमाप्रमाणे सरकारी माणसं आली, जमिनीत जहाल औषध ओतलं, झाडं जाळली, खालचे बटाटेही गेले.

मग डॉक्टर धावत आले. बाटलीत मला पाहून त्यांना कोण आनंद! "जिवंत आहे! अहो, खातोयसुद्धा!"

ओटिली माझ्या पाठीकडे बघत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, शत्रू भुंगेऱ्यांना रंग लावून पाठवतो होय?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तो... शत्रूच्या बटाट्यांसाठी होता, बाई."

"आणि माझ्या पोरांनी खायचं काय?"

डॉक्टरांनी माझी बाटली उचलून खिशात घातली. मला फार वाईट वाटलं. मी तर नुसता भुकेपोटी खात होतो.

आता मी परत काचेच्या खोलीत आहे. चाचणी यशस्वी झाली म्हणे. डॉक्टर आमची पेटी भरताहेत, या वेळी समुद्रापलीकडच्या शेतांसाठी. तिकडेही कुणाची लेकरं बटाट्यांवरच जगत असतील ना? माझं कोण ऐकतंय? तुम्हीच विचारा हो त्यांना, झाकण लागायच्या आत.