'जगवणे'साठी एक वाक्य

लेकीनं लिहिलेलं वाक्य खोडलं आणि त्याखाली दुसरं लिहिलं. शब्द होता 'जगवणे'. अर्थ वडिलांनीच लिहून ठेवला होता: मरणाच्या दारातून परत आणणे. उदाहरणाची जागा मात्र कोरी होती, आणि छापखाना त्यासाठी खोळंबला होता.

वडिलांच्या शब्दकोशात मनानं रचलेलं वाक्य चालत नसे. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं. निम्मी वाक्यं आईचीच होती. भांडतानासुद्धा ती मध्येच थांबायची. त्यांनी टिपून घेऊन 'हं' म्हटलं की भांडण पुढं सुरू. आता छापखानेवाले फोनवर म्हणत होते, ठोकून द्या एखादं, कोण बघतंय.

वडील गेल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून पडून असे. ताट पुढं केलं तर दोन घास, आपणहून मागणं नाही. 'हो' आणि 'नको', एवढंच बोलणं. लेकीला कोशापेक्षा त्याची धास्ती होती.

तिनं नवं वाक्य, वडील वाचत तसं, मोठ्यानं वाचलं.

"वैद्यानं राजाला जगवलं."

"कुठला राजा?"

लेकीची पेन्सिल कागदावरच राहिली. आई भिंतीकडेच बघत होती.

"असं कोण बोलतं गं?"

"मग कसं बोलतात?"

आई कूस बदलून तिच्याकडे वळली. हौदात पडलेलं मांजराचं पिल्लू आठवतं का, म्हणाली. लेकीला आठवत नव्हतं, ती फार लहान होती. आईनं ते बाहेर काढलं होतं, उलटं धरून पाणी निपटलं होतं.

"आणि तुझे बाबा शेजारी उभे. तू हे जे करतेयस त्याला काय म्हणतेस, विचारतायत. म्हटलं, आधी टॉवेल आणा."

लेकीला हसू आलं. ते तिनं ओठांतच धरलं.

आई एव्हाना उठून बसली होती. बोलताना तिचे तळवे एकमेकांवर घासत होते.

"थंडगार पडलं होतं गं. चोळून चोळून जगवलं मी त्याला."

आणि ती थांबली. तिची नजर पेन्सिलीवर होती.

लेकीनं वाक्य टिपलं.

"हं," ती म्हणाली.

"मग काय, डोळे उघडले आणि लागलं खायला मागायला." आईनं पाय खाली सोडले, पांघरुणाची घडी घातली. "घरात आहे का गं काही?"